साबणाची वडी आणि मैत्रिणीचा वाटा

लग्नघरी रोसाचा दिवस उजाडला की वाड्यावरच्या बायकांना निराळे बोलावणे लागत नाही. नारळ खवून, वाटून, पिळून काढलेला तो पांढरा शुभ्र रस आधी आईबाप, मग मामा-मामी, मग आत्या-मावश्या आणि शेवटी सारा शेजार नवरीच्या मस्तकाला, हातांना, पायांना लावतो. एका पातेल्यातला रस, आणि त्यात बुडणारे पन्नास हात! नवरीचे रूप उजळावे ही साऱ्या वाड्याची हौस असते, आणि त्या हौशीत प्रत्येकाचा वाटा असतो.

बेळगावाकडच्या अशाच एका घरी आम्ही पाहिलेला प्रसंग सांगतो. रोस आटोपला, नवरीला न्हाणीघरात नेले, तेव्हा बेंगळूरूस राहणाऱ्या तिच्या मावशीने पिशवीतून एक खोका काढला. खोक्यात चंदनाच्या साबणाच्या तीन लंबगोल वड्या होत्या. एक वडी नवरीच्या न्हाण्याला गेली. दुसरी तिच्या पेटीत, साड्यांच्या घडीत ठेवली गेली. तिसरी मात्र मावशीने पाटावर ठेवली, तिच्याभोवती मजबूत दोरा गुंडाळला आणि दोन्ही टोके ओढून तिचे सरळ चार तुकडे केले. नवरीच्या चार मैत्रिणींना एकेक तुकडा कागदात बांधून मिळाला. त्या मुलींच्या चेहऱ्यावर जो आनंद आम्ही पाहिला, तो महागड्या दागिन्यानेही सहसा उमटत नाही.

सुगंधी साबणाची वडी ही वस्तू तशी क्षुल्लक. आठ-पंधरा दिवसांत पाण्याबरोबर वाहून जाणारी. तथापि स्वतःसाठी घेण्यापेक्षा दुसऱ्याला देण्यासाठीच ती अधिक शोभते. आज गावोगावच्या दुकानांत कडुनिंबाचा, हळदीचा, केशराचा, शेळीच्या दुधाचा असे नानाविध साबण आले आहेत. बचतगटांतील भगिनी घरी साबण करून विकू लागल्या आहेत. मैत्रिणी-मैत्रिणींत साबणच नव्हे, तर क्रीम, काजळ, ओठांची लाली ह्यांचीही देवाणघेवाण चालते. ही रीत गोड आहे. परंतु तिच्यात काय वाटून घ्यावे आणि काय घेऊ नये, ह्याचा विवेक न केल्यास ती जिवावर बेतू शकते. म्हणून आज ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

चंदनाच्या वडीची कथा

त्या मावशीच्या खोक्यातील साबणाचा जन्म एका महायुद्धाच्या अडचणीतून झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. जुन्या म्हैसूर संस्थानात चंदनाचे रान उदंड होते. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरविले, आणि तेव्हापासून चंदनाच्या झाडावर सरकारची मालकी बसली. हे चंदनाचे लाकूड जहाजांनी युरोपात जाई. तेल मात्र तिकडेच काढले जाई. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, जहाजांचे मार्ग धोक्याचे झाले, आणि चंदनाचे ओंडके वखारींत पडून राहिले. तेव्हा महाराज होते नाल्वडी कृष्णराज वडेयर आणि दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. लाकूड बाहेर जात नसेल तर तेल आपणच काढू, असा विचार त्या काळी झाला. बेंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांनी तेल काढण्याची रीत बसवून दिली आणि १९१६ च्या सुमारास चंदनतेलाचे उत्पादन सुरू झाले.

तेल झाले, मग त्याचा साबण का होऊ नये? सोसले गरळपुरी शास्त्री नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञास साबणाची विद्या शिकण्यासाठी इंग्लंडात पाठविण्यात आले. ते परतले, आणि १९१८ पर्यंत बेंगळूरूच्या सरकारी कारखान्यातून चंदनाचा साबण बाहेर पडू लागला. ह्या वडीचा लंबगोल आकार, तिचा दागिन्यासारखा खोका आणि त्यावरील शरभाचे चिन्ह (सिंहाचे धड व हत्तीचे मुख असलेला तो पुराणातील प्राणी) ही सारी त्या आरंभकाळाची ठेव आहे. १९८० साली हा कारखाना ‘कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स’ ह्या सरकारी कंपनीच्या रूपाने उभा राहिला, आणि २००६ साली ‘म्हैसूर सँडल सोप’ ह्या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे जसे दार्जिलिंगच्या चहाचे नाव दुसऱ्या कोणी वापरू नये, तसेच ह्या साबणाचेही.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चंदनाचे झाड दुसऱ्या झाडांच्या मुळांतून काही अन्नरस ओढून वाढते, आणि त्याच्या गाभ्यात व मुळांत सुवासिक तेल साठण्यास वर्षानुवर्षे लागतात. त्यामुळे खरे चंदनतेल अतिशय महाग असते. जी वडी दहा-वीस रुपयांत ‘चंदन’ म्हणून मिळते, तिच्यात बहुधा कारखान्यात बनविलेला सुवास असतो. तो वाईटच असतो असे नव्हे; परंतु नावावर भाळून दाम मोजू नये.

आपल्या देशात अशा आणखीही वड्या आहेत, ज्यांच्या पाठीशी कोणा एकाचा ध्यास आहे. अर्देशीर गोदरेज ह्यांनी १९१८-१९ च्या काळात प्राण्यांची चरबी न वापरता केवळ वनस्पतितेलाचा साबण बाजारात आणला. कलकत्त्यास ‘कलकत्ता केमिकल’ने १९२० साली कडुनिंबाचा ‘मार्गो’ काढला. केरळात इरिंजालक्कुडा येथे केशवन वैद्यर ह्यांनी १९४० साली ‘चंद्रिका’ सुरू केला. आणि महाराष्ट्रात दिवाळीच्या अभ्यंगस्नानाशी ज्याचे नाते जडले, तो ‘मोती’ही विशेष साबणांच्याच पंक्तीतला. तो गोल, जाडजूड आणि मुठीत भरेल एवढा.

वडीत असते तरी काय?

साबण म्हणजे तेल आणि क्षार ह्यांचा संसार. तेलात कॉस्टिक सोड्याचे पाणी मिसळले की दोघांचेही मूळ रूप नाहीसे होते. तेल तेल राहत नाही, सोडा सोडा राहत नाही. त्यांपासून साबण आणि ग्लिसरीन असे दोन पदार्थ तयार होतात. मिशेल शेव्रल ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ह्या क्रियेचे गूढ उलगडले. त्यापूर्वी माणसे हजारो वर्षे राखेच्या पाण्याने आणि चरबीने अंदाजपंचे साबण करीतच होती. बायबलमधील यिर्मया व मलाखी ह्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत धुण्याच्या ज्या खाराचा उल्लेख येतो, तोही आजच्या वडीसारखा साबण नसून वनस्पतींच्या राखेपासून मिळणारा क्षार असावा, असे जाणकार मानतात. आपल्या आज्याही भांड्यांना राख आणि केसांना रिठा-शिकेकाई वापरीत. रिठ्याचा फेस हा निसर्गाने दिलेला फेस. त्यासाठी सोडा लागत नाही.

साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याची ओढ घेते, तर दुसरे तेलाची. अंगावरचा मळ बहुतांशी तेलकट असतो. साबणाचे तेलप्रेमी टोक त्या मळास चिकटते, पाणीप्रेमी टोक पाण्यास धरते, आणि पाणी ओतताच दोघेही वाहून जातात. ज्यांच्या विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी जड आहे, त्यांच्याकडे साबण फेसाळत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरी साय धरते. ह्यात साबणाचा दोष नसतो. पाण्यातील चुना साबणाशी जुळून तो साका बनतो.

मोठ्या कारखान्यांत ग्लिसरीन पुष्कळदा वेगळे काढून विकले जाते, कारण त्यास औषधांत व इतरत्र चांगला भाव येतो. घरी केलेल्या वडीत ते जागच्या जागी राहते. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते, म्हणून हातची वडी हिवाळ्यात त्वचेस मऊ लागते. पण त्याच कारणाने ती ओली राहिली तर लवकर विरघळते. अशा वडीसाठी जाळीची साबणदाणी वापरावी आणि वडी दोन स्नानांच्या मध्ये कोरडी होऊ द्यावी.

दुकानात वडी घेताना वेष्टणावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी. ‘टॉयलेट सोप’ आणि ‘बेदिंग बार’ ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये स्निग्धांश, म्हणजे ज्यास ‘टीएफएम’ म्हणतात तो, निदान ७६ टक्के असावा लागतो. दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. बेदिंग बारमध्ये तो ४० टक्के असला तरी चालतो. वेष्टणावर केशराचे चित्र केवढे आहे ह्यापेक्षा हा आकडा किती आहे, हे पाहणे शहाणपणाचे.

दूरदेशीची परंपरा

विशेष साबणाची हौस केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. सीरियातील अलेप्पो नगरीत ऑलिव्हचे तेल आणि लॉरेलच्या फळांचे तेल ह्यांपासून शतकानुशतके साबण होत आला आहे. मोठ्या कढईत शिजविलेला हा साबण जमिनीवर ओततात, थंड झाल्यावर त्याच्या वड्या पाडतात, शिक्के मारतात आणि वाऱ्यावर रचून महिनोन् महिने वाळवितात. वडी बाहेरून पिवळसर तपकिरी होते, कापली तर आत हिरवी असते. पॅलेस्टाइनमधील नाब्लूस नगरीचा ऑलिव्ह साबणही असाच नावाजलेला. दोन्ही ठिकाणांनी युद्धाचे आणि संकटाचे दिवस भोगले. तरीही ही विद्या घराघरांतून पुढे गेली, आणि २०२४ साली युनेस्कोने ह्या दोन्ही परंपरांस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

फ्रान्सच्या मार्सेय बंदरातील साबणाची ख्याती इतकी वाढली की चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १६८८ साली, त्यासाठी राजाज्ञा निघाली: ह्या साबणात ऑलिव्हच्या तेलाखेरीज दुसरी चरबी घालू नये. भेसळ ही काही आजचीच व्याधी नव्हे! इटलीतील फ्लॉरेन्स येथे डोमिनिकन मठवासीयांनी औषधी वनस्पतींचा जो व्यासंग केला, त्यातून निघालेले सांता मारिया नोव्हेल्लाचे औषधालय १६१२ साली लोकांसाठी खुले झाले. ते आजही सुगंधी जले आणि साबण विकते.

घरी साबण करायचा तर

आमच्या परिचयाच्या काही भगिनी एकत्र जमून घरी साबण करतात. नाताळाच्या आधी दोन महिने त्यांची लगबग सुरू होते. दोन महिने अशासाठी की, वडी साच्यातून काढल्यावर चार ते सहा आठवडे वाऱ्यावर मुरू द्यावी लागते. काम आनंदाचे आहे. पण कॉस्टिक सोडा हा जळजळीत पदार्थ असल्यामुळे ते खेळाचे नव्हे. म्हणून काही नियम सांगून ठेवतो.

पहिला नियम वजनाचा. १ किलो खोबरेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८३ ग्रॅम सोडा लागतो, तर १ किलो ऑलिव्ह तेलास सुमारे १३५ ग्रॅमच पुरतो. प्रत्येक तेलाची भूक निराळी असते. म्हणून एकीची कृती दुसऱ्या तेलास लावू नये आणि चमच्याच्या मापाने तर मुळीच करू नये. वजनाचा काटा हवाच. जाणत्या बाया हिशोबापेक्षा सोडा थोडा, म्हणजे शेकडा पाच भाग, कमीच घालतात. त्यामुळे थोडे तेल शिल्लक राहते आणि वडी त्वचेस बोचत नाही.

दुसरा नियम क्रमाचा. सोडा पाण्यात हळूहळू घालावा. पाणी सोड्यावर कधीही ओतू नये, कारण मिश्रण एकदम उकळून तोंडावर उडते. तिसरा नियम भांड्याचा. जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, पातेले अजिबात वापरू नये. सोडा त्यास खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. स्टीलचे अथवा जाड प्लास्टिकचे भांडे घ्यावे, आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये. चौथा नियम अंगरक्षणाचा. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, खिडक्या उघड्या आणि मुले घराबाहेर. सोडा अंगावर उडालाच तर दुसरे काही लावीत न बसता भरपूर पाण्याने कितीतरी वेळ धुवावे. डोळ्यात गेल्यास धूत धूतच डॉक्टरांकडे धाव घ्यावी.

आणि पाचवा नियम मैत्रीचा. घरची वडी कोणास देताना तिच्यात कोणती तेले व सुवास घातले आहेत, ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. एखाद्या सुगंधाने कोणाच्या अंगावर पुरळ उठतो, आणि देणारीस त्याची कल्पनाही नसते.

वाटावे काय, वाटू नये काय

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एकाच वडीने दोघींनी अंग धुतले तर रोग पसरतो काय? ह्याचा शोध अमेरिकेत दोनदा घेतला गेला. १९६५ साली आणि पुन्हा १९८८ साली संशोधकांनी साबणाच्या वड्यांवर मुद्दाम रोगजंतू सोडून पाहिले. त्या वडीने हात धुतलेल्यांच्या हातांवर ते जंतू उतरल्याचे आढळले नाही. म्हणजे घरातील धडधाकट माणसांनी हात धुण्यासाठी एकच वडी वापरली तर घाबरण्याचे कारण नाही; वडी आधी पाण्याखाली धरून घ्यावी, म्हणजे झाले. परंतु अंगावर गळू, नायटा, खरूज अथवा उघडी जखम असेल, तर त्या व्यक्तीची वडी वेगळी ठेवणेच बरे. आणि पंचा मात्र प्रत्येकाचा स्वतंत्रच असावा. नायटा आणि खरूज ही पंच्यातून, कपड्यांतून आणि अंथरुणातून घरभर फिरतात.

काजळाची गोष्ट निराळी. एकाच डबीत बोट बुडवून साऱ्या मुलींच्या डोळ्यांत काजळ घालण्याची रीत आपल्याकडे होती. त्याच बोटांनी आणि त्याच पदराने डोळे पुसण्याच्या सवयीने खुपऱ्यांचा रोग घरोघर पसरे. कित्येकांची दृष्टी त्याने गेली. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांच्या सार्वत्रिक उपद्रवाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले, ही आनंदाची वार्ता आहे. पण डोळे येण्याची साथ अद्याप दरवर्षी येतेच. म्हणून काजळ, सुरमा आणि डोळ्यांचा कुंचला ह्यांत वाटेकरी नसावा. सुरम्यात पुष्कळदा शिशाचा अंश असतो, तेव्हा तान्ह्या मुलांच्या डोळ्यांपासून तो दूरच ठेवावा. ओठांच्या लालीनेही ओठांवरील पाण्याचे फोड एकीकडून दुसरीकडे जातात. वस्तऱ्याचे पाते तर रक्ताशी संबंध आणते; ते कोणाचेही वापरू नये.

थोडक्यात सांगायचे तर कोरी वडी, न उघडलेली बाटली, दोऱ्याने कापलेला ताजा तुकडा ही खुशाल वाटावीत. जे एकदा डोळ्यास, ओठास अथवा जखमेस लागले, ते आपल्यापाशीच ठेवावे.

बिननावाची डबी

हा लेख लिहिण्यास आम्हांस ज्या गोष्टीने खरोखर प्रवृत्त केले, ती येथून पुढे आहे.

काही काळापूर्वी आमच्याच घरातील एका मुलीस तिच्या मैत्रिणीने एक छोटी पांढरी डबी दिली. ‘आठ दिवसांत रंग उजळतो,’ असे सांगून दिली, आणि अर्थातच प्रेमाने दिली. डबीवर ना कारखान्याचे नाव, ना घटकांची यादी, ना तारीख. मुलीने ती लावली. चेहरा खरोखर उजळ दिसू लागला. मग तिची वहिनी लावू लागली, मग शेजारची एक बाई. दीड महिन्याने मुलीच्या गालांवर लाल चट्टे आले, उन्हात जाताच आग होऊ लागली, आणि क्रीम थांबविताच चेहरा सुजला. त्वचारोगतज्ज्ञांनी डबी पाहून सांगितले की, ह्यात स्टिरॉइड असण्याचा दाट संभव आहे. पुढे महिनोन् महिने औषधोपचार चालला. आम्ही घरातील वडील माणसे. पण डबी घरात फिरत असताना आम्हीही ‘पोरी हौस करताहेत’ म्हणून दुर्लक्षच केले, हे येथे कबूल केले पाहिजे.

आम्ही स्वस्तात सुटलो, असेच म्हणावे लागेल. विदर्भातील एका घरी आई आणि तिच्या दोन मुली अशा तिघींनी मिळून एकच क्रीम वापरले, आणि २०२२ साली तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. तपासात त्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ ह्या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण रंग उजळविणारी क्रीमे वापरीत असल्याचे निष्पन्न झाले.

पारा हे काम कसे करतो? त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया तो रोखतो, म्हणून रंग उजळल्यासारखा दिसतो. पण तो त्वचेवरच थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. आईच्या हाताला लागलेले क्रीम बाळाच्या अंगालाही लागते. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याने जो अनर्थ केला, त्याच्या नावाने २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात रंग उजळविणाऱ्या साबणांचा व क्रीमांचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनीही पारा घालण्यास मनाई केली आहे. स्टिरॉइडची मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. कायदा आहे; परंतु बिननावाची डबी कायद्याच्या हाती लागत नाही. ती एका मैत्रिणीच्या हातून दुसरीच्या हाती जाते. ह्या व्यापाराचा सर्वांत मोठा दलाल कोणी असेल तर तो आपला परस्परांवरील विश्वास आहे!

म्हणून ही खूण लक्षात ठेवावी. ज्या वेष्टणावर निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, तारीख आणि घटक छापलेले नाहीत, ते साबण असो वा क्रीम, घरात घेऊ नये. ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरस क्लोराइड’, ‘कॅलोमेल’ हे शब्द दिसले तर ते पाऱ्याचेच रूप समजावे. ‘बेटामेथासोन’, ‘क्लोबेटासॉल’, ‘मोमेटासोन’ ही स्टिरॉइडांची नावे आहेत. आठ-पंधरा दिवसांत रंग पालटून देण्याची हमी हीच मुळी धोक्याची घंटा होय. आणि असे क्रीम लावणाऱ्या कोणाचे पाय वा चेहरा सुजू लागला, लघवीस फेस येऊ लागला, तर डबी हाती घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

नकार कसा द्यावा?

येथे एक अडचण उरते. डबी देणारी परकी नसते. ती बालमैत्रीण असते, जाऊ असते, नणंद असते. तिला ‘नको’ कसे म्हणावे? तिचे मन दुखावेल, ह्या भिडेपोटी कित्येक मुली डबी घेतात, आणि घेतली म्हणून लावतात.

आमच्या घरातील त्या मुलीने ह्यावर जे केले ते सांगण्यासारखे आहे. बरी झाल्यावर ती मैत्रिणीकडे गेली. दोष दिला नाही, भांडली नाही. डॉक्टरांचा कागद तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, ‘बाय, तू मला प्रेमानं दिलंस, ते मी विसरणार नाही. पण तू अजून लावत असशील, तर माझ्याखातर आज तपासून घे.’ मैत्रीण रडली. तीही तेच लावीत होती. दोघी मिळून दवाखान्यात गेल्या. नकारानेही मैत्री टिकते, किंबहुना कधी कधी ती नकारानेच खरी ठरते.

ह्या साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्नही एकदा स्वतःस विचारून पाहावा. मुलीचा रंग उजळला पाहिजे, ही घाई कोणाची? पाहण्याच्या कार्यक्रमात ‘मुलगी सावळी आहे’ असे पुटपुटणारे आपणच. घरच्या दोन मुलींत गोरीचे कौतुक करणारेही आपणच. त्या बिननावाच्या डबीचे झाकण मैत्रीण उघडते खरी, पण ती विकत घेण्याची भूक आपण वडील माणसांनी लावलेली असते. साबणाने अंग स्वच्छ होते, सुवासिक होते, थोडेसे मऊही होते. त्वचेचा रंग बदलणे हे साबणाचे काम नव्हे आणि ते कोणाचेही काम असू नये.

रोसाच्या पातेल्यातला रसही नवरीस गोरी करीत नाही. तरी पन्नास हात तो लावतात, कारण ती जशी आहे तशीच साऱ्या वाड्याला हवी असते. परवा त्या लग्नघरच्या मैत्रिणींपैकी एक आम्हांस भेटली. तिने तिचा चंदनी तुकडा अद्याप वापरलेला नाही. कपड्यांच्या पेटीत ठेवला आहे, आणि पेटी उघडली की मैत्रिणीची आठवण येते, असे ती म्हणाली. येत्या नाताळात कोणास काही द्यावयाचे असेल, तर वाचकभगिनींनो, अशी एखादी नावागावाची चांगली वडी द्या. दोरा घरी असतोच.